तीन हाका

उन्मेषच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. चौदा वर्षं ते माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. उत्तर लिहिलंच नाही असं नाही. अकरा वेळा लिहिलं आणि फाडलं. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. दुसऱ्यांची वाक्यं सांभाळायला मला जमतं. स्वतःचं एक लिहायचं म्हटलं की ते बरोबर आहे का, हेच कळेनासं होतं.

उन्मेष माझा धाकटा भाऊ. प्रेमिला त्याची बायको, नूपुर मुलगी. नौदलात, जहाजाच्या इंजिनावर. पत्र त्याने किनाऱ्यावरच्या इस्पितळातून लिहिलं होतं, पण मागे पत्ता जहाजाचाच होता.

‘दादा, इंजिनरूममध्ये आग लागली. वर यायची वाट एकच, तिच्यावर लोखंडी झाकण. आमची रीत अशी की झाकण लावण्याआधी आत तीन हाका मारायच्या आणि उत्तराची वाट पाहायची. मी एकही मारली नाही. वेळ होता. तीन हाकांना लागतो किती. पण मला प्रेमिला आणि नूपुर दिसत होत्या. चंद्रभान शिडीवर होता. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं कडेवर आली होती. मी झाकण पायाने दाबलं. जहाज वाचलं. चौकशीत मला दोष दिला नाही, कारण बोटांचं मी कुणाला सांगितलं नाही. तू एवढं वाचलं आहेस. मी बरोबर केलं का, तेवढं कळव.’

चंद्रभान उमरेडचा. दोघं बरोबरच भरती झाले होते. सुटीत एकाच गाडीने नागपूरला यायचे आणि चंद्रभान गावी जाण्याआधी प्रेमिलाच्या हातची पाटवडी खाऊन मगच बस पकडायचा. लग्न केलं नव्हतं त्याने.

उन्मेषने पुन्हा कधी विचारलं नाही. निवृत्त होऊन त्याने मानेवाड्यात घर बांधलं आणि त्या घरासाठीच जगला. नूपुर कॉलेजात जाईपर्यंत तिची वेणी तोच घालायचा, दोरखंड वळावा तशी घट्ट. प्रेमिलाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर तिच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपला. रोज संध्याकाळी दार लावण्याआधी तो सगळ्यांना नावाने हाका मारी, एकेकाला तीनदा. प्रत्येकाने ‘आहे’ म्हटल्याशिवाय कडी लागत नसे. मी गेलो असलो तर मलाही.

“समोर बसून राहिली ना मी,” प्रेमिला म्हणायची. “घर आहे का जहाज तुमचं?”

“तू ‘आहे’ म्हण वं,” तो म्हणायचा, आणि हात कडीवर तसाच ठेवायचा.

या मे महिन्यात तो गेला. झोपेतच गेला.

तिसऱ्या दिवशी जावई अपूर्व गच्चीवरच्या खोलीतून सतरंज्या काढत होता. त्या खोलीला लोखंडी दार आहे. वारा अजिबात नव्हता. दार आपटलं आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं चौकटीत सापडली. हाडं कातडीबाहेर आली होती. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या मशीनमध्ये हात गेला. मी चार या आकड्याकडे पाहिलं आणि योगायोग म्हणून सोडून दिलं. माझ्यासारख्या माणसाला दुसरं काय सुचणार.

मग दार तापू लागलं. मेअखेरचे नवतपाचे नऊ दिवस सुरू होते, नागपुरात लोखंड तापणारच. पण ते दार सकाळी सहालाही हात लावू देत नव्हतं. जवळ गेलं की डिझेलचा वास यायचा. प्रेमिला म्हणाली, शेजाऱ्यांचा जनरेटर असेल. शेजाऱ्यांकडे जनरेटर नाही.

तेरवीच्या दुपारी पंगती उठल्या. नूपुर मोठं पातेलं ठेवायला वर त्या खोलीत गेली. कुणीतरी खोलीचं दार ओढून घेतलं असावं. हाक कुणीच मारली नाही. घरातल्या सगळ्यांना इतक्या वर्षांची सवय होती की हाक मारायला उन्मेष आहे.

किंकाळी ऐकून आम्ही वर धावलो. दाराला बाहेरून कडी नव्हती, कुलूप नव्हतं. तरी ते हलत नव्हतं. फटीतून काळा धूर येत होता.

“मोठेबाबा, इथं कोणी तरी आहे,” नूपुर आतून मला म्हणाली. “त्यानं माझा हात धरून ठेवला.”

प्रेमिलाचा भाऊ रुपराव पहारीसारखी सब्बल घेऊन आला. त्याने ती फटीत घातली आणि अंगाचा भार टाकला. दार वीतभर उघडलं, मग आतून कुणीतरी लाथ मारावी तसं मिटलं. सब्बल उलटी फिरून रुपरावच्या जबड्यावर बसली. तो खाली बसला आणि ओंजळीत दात थुंकला. रक्त तापलेल्या गच्चीवर पडलं आणि बघता बघता काळं झालं.

“श्वास नाही येत,” नूपुर म्हणाली.

मी दारापाशी गेलो. इतक्या माणसांसमोर मी कधी मोठ्याने बोललेलो नाही.

“उन्मेष,” मी म्हणालो, “तू बरोबर केलंस.”

आतून धक्का बसला. लोखंडी पत्रा माझ्या तोंडासमोर मुठीएवढा फुगला. दुसरा धक्का. तिसरा. नूपुरचा आवाज बंद झाला.

तेव्हा मला कळलं, आत उन्मेष नव्हता.

मी हाक मारली. “चंद्रभान.”

धक्के थांबले.

“चंद्रभान.”

माझे तळवे दारावर होते. कातडी चिकटत होती, पण काढून घ्यायचं सुचलं नाही.

“चंद्रभान.”

“आहे,” आतून उत्तर आलं. पुरुषाचा आवाज, धूर गिळलेला.

“तो चुकला,” मी म्हणालो. “वेळ होता. मलाही माहीत होतं. मी गप्प राहिलो.”

 मग तोच आवाज, अगदी जवळून.

“मले काहून सांगता, मधुभाऊ? ज्यानं विचारलं त्याले सांगा.”

दार उघडलं.

आत धूर नव्हता. पातेलं जागेवर होतं. नूपुर भिंतीशी पडली होती, ओठ निळे, पण श्वास चालू होता. तिच्या दंडावर काळानिळा वळ उमटला होता. तळहाताचा आणि अंगठ्याचा. बोटांचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच वेळेला, दार पुन्हा आपटू लागलं. या वेळी वर कुणीच नव्हतं. नूपुरला खालच्या खोलीत खोकल्याची उबळ आली आणि थुंकीतून काजळी पडली. प्रेमिलाने तिची पाठ चोळली, मग माझ्यासमोर येऊन बसली. मी तिला ते पत्र दिलं. तिने ते दोनदा वाचलं.

“मी तुमच्या पाया पडतो,” मी म्हणालो, “पण त्याला आता असं कसं लिहू? गेलेला माणूस तो. तुमच्यासाठीच केलं त्यानं.”

“आमच्या नावावर नका टाकू ते, भाऊजी.” तिचे डोळे कोरडे होते. “चंद्रभानभाऊ माझ्या हातचं जेवून गेले शेवटचे. मी त्यांले डबाही बांधून दिला होता. वर माझी पोरगी मरून राहिली होती. जे खरं आहे ते लिहा, अन् आजच्या आज टाका.”

मी लिहिलं. तळव्यांना पट्ट्या होत्या, अक्षर लहान मुलासारखं आलं. ‘चि. उन्मेष, तू विचारलंस म्हणून सांगतो. तू चुकलास. मीही चुकलो, कारण हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं. तुझा, दादा.’ अकरा वेळा जे जमलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. खाडाखोड नव्हती.

पत्ता त्याच्या पत्रामागचाच घातला. ते जहाज भंगारात निघून सहा वर्षं झाली आहेत.

रामदासपेठेत पोस्टासमोर लाल पेटी आहे. दुपारचे तीन वाजले होते, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पाकीट अर्धं आत सरकवलं आणि माझा हात थांबला. वाटलं, त्याने जन्मभर ही दोन माणसं जपली. सगळ्यांत शेवटी त्याला हेच पाठवायचं का? ‘चुकलास’ ऐवजी दुसरा एखादा शब्द असेल. मी घरी जाऊन शोधू शकतो. मी पाकीट मागे ओढलं.

ते आलं नाही.

आतून कुणीतरी दुसरं टोक धरलं होतं. हिसका दिला नाही. धाकट्याने मोठ्याच्या हातून काही घ्यावं तसं, अदबीने, हळूहळू त्याने ते माझ्या बोटांतून काढून घेतलं. मग पेटीच्या आत, पाकीट फोडल्याचा आवाज आला.