ठोंब्याची ताटली

"वन्सं, असाल तशा या. ठोंब्याला आकडी आली. सुनेनं सुई जास्त टोचली त्याला!"

एवढं बोलून भावजयीनं फोन आपटला. आत्यानं पायांत चपला सरकवल्या. विमा कंपनीत दावे तपासण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. कुणी न विचारता गुन्हेगाराचं नाव सांगितलं, की तिचे कान अजूनही टवकारत.

धाकट्या भावाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. बैठकीत भाऊ वर्तमानपत्राचं पहिलं पान तोंडासमोर धरून बसला होता. साठी उलटली तरी आत्यासाठी तो बाळूच. भावजय येरझारा घालत होती. सून दाराशी उभी होती. अंगावर ऑफिसचे कपडे, डोळे सुजलेले, पायाशी भरलेली बॅग.

"ही कुणाची?"

"माझी," सून म्हणाली. "आई म्हणाल्या, मुक्या जिवाला मारायला निघालेलीच्या हातचं आपण खाणार नाही. मी माहेरी जाते."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"तो कामासाठी परगावी आहे. आईंनीच फोन केला त्याला. तो मला म्हणतो, नीट आठवून बघ." तिचा आवाज फुटला. "आत्या, आठवून आठवून मलाच वाटायला लागलंय, की दिली असेल मी दोनदा."

आत्याच्या लहानपणी मांजरं उरलंसुरलं खात, धान्याच्या खोलीत उंदीर धरत आणि म्हातारी झाली की एक दिवस दिसेनाशी होत. त्यांना मधुमेह होतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. ठोंब्या मात्र घरात लोळून लठ्ठ झालेला पिवळा बोका. त्याला सकाळ-संध्याकाळ मापून खाणं, आणि खाणं झालं की इन्सुलिनची सुई. हे सगळं सून करायची.

आत्यानं जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई घाईत होत्या.

"साखर पार खाली गेलीय. सलाईन लावलंय, पण वाचेल की नाही आत्ता सांगत नाही. एक तर डोस जास्त गेलाय, नाही तर उपाशीपोटी गेलाय. यातलं कुठलं ते शोधून कळवा. पुढचं औषध त्यावर ठरेल."

आत्या सुनेकडे वळली. "सकाळी काय केलंस?"

"ताटली भरून ठेवली आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर ताटली रिकामी. मग सुई दिली आणि ऑफिसला पळाले."

"खाताना पाहिलंस?"

"नाही. ताटली रिकामी दिसली की सुई, भरलेली दिसली की डॉक्टरांना फोन. रोजचं तसंच आहे."

"हे घरात कुणाला माहीत आहे?"

"कुणी विचारलंच नाही कधी. उलट, त्याला अधलंमधलं काही भरवू नका म्हटलं, तर राग येतो इथे."

"आता आमच्यावर ढकल!" भावजय उसळली.

"तू कुठे होतीस गं?"

"फिरायला गेले होते. आले तर ठोंब्या सोफ्याखाली पाय झाडतोय! तसाच उचलून दवाखान्यात पळवला."

"आणि बाळू?"

"मी इथेच होतो," पेपरमागून आवाज आला. "खाल्लं की त्यानं. ताटली रिकामी होती ना."

वापरलेल्या सुयांचा डबा आत्यानं मागितला. आदल्या संध्याकाळची सुई देऊन झाल्यावर सुनेनं तो दवाखान्यात रिकामा करून आणला होता. आत एकच सुई होती.

"दुसरी बाहेर फेकली असेल," भावजय म्हणाली.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ताटली तशीच पडली होती. आत्यानं ती उजेडात धरली. वाळलेल्या रश्शात शेजारी शेजारी सरळ रेघा होत्या. मग ती गॅलरीत गेली. गुलाबाच्या कुंडीतली माती ताजी उकरलेली होती आणि मुंग्यांची रांग आत शिरत होती.

"झाडांचं कोण बघतं?"

"हेच," भावजय मागून म्हणाली. "मला हातसुद्धा लावू देत नाहीत."

आत्या परत येऊन भावासमोर बसली. पेपरच्या कडेला तेलकट बोटं उमटली होती, लोण्याचा वास येत होता, आणि एका डागाला पिवळा केस चिकटला होता.

"बाळू, पेपर खाली ठेव. मी आल्यापासून तू पान उलटलेलं नाहीस."

पेपर खाली आला. मागचा चेहरा पांढरा पडला होता.

"सुई एकदाच दिली गेली," आत्या म्हणाली. "दुसरी असती तर डब्यात पडली असती; चुकून दिलेली सुई कुणी लपवून फेकत नाही. ठोंब्यानं मात्र जेवणाला तोंडच लावलं नाही. ताटलीत सरळ रेघा आहेत. मांजर चाटतं, चमच्यानं खरवडत नाही. खरवडलेलं अन्न गुलाबाच्या मुळाशी पुरलंय. मुंग्यांना बरोबर पत्ता लागला."

"पण बोका जेवला का नाही?" भावजयीनं विचारलं.

"यानं लोणी चाटवलं त्याला. पेपरवरची बोटं बघ. भूक मेली, ताटली तशीच राहिली. सून बाहेर येऊन चार शब्द ऐकवेल म्हणून यानं ताटली साफ केली. लोण्यानं साखर काही वाढत नाही, आणि सुई तर आत गेलेली."

"ताटली बघून ती सुई देते, हे मला काय माहीत?" बाळू पुटपुटला.

"नसेल माहीत. तिथवर ती चूक होती. पण ठोंब्या कोसळला तेव्हा तुला कळलं. तेव्हापासून ही पोर रडतेय, आणि तू पेपर धरून बसलायस."

आयुष्यभर परक्यांचा खोटेपणा पकडताना आत्याचा आवाज कधी कापला नव्हता. आज कापला. या माणसाचं नाक तिनं पुसलं होतं, शाळेत बोट धरून नेलं होतं. भावजय मटकन खाली बसली आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

आत्यानं दवाखान्यात कळवलं, उपाशीपोटी गेलाय. पलीकडून उत्तर आलं, "मग नेहमीचा डोस ठीक होता. डोळे उघडलेत त्यानं. आज इथेच ठेवते."

सून सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "बाबा, आई मला बोलत होत्या तेव्हा तुम्ही समोरच होतात."

बाळूनं मान खाली घातली. "ठोंब्या काही सांगणार नव्हता..."

"आणि मी?"

बाळूनं पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली.

"वाटलं, तू सोसून घेशील."

सुनेनं बॅग उचलली. "मी आधी दवाखान्यात जाते, तिथून माहेरी. ठोंब्या घरी आल्यावर सुई कोण देणार, ते तुम्ही ठरवा."

ती जिना उतरायला लागली. थांब म्हणायला सासू-सासऱ्यांपैकी एकालाही तोंड नव्हतं.