कॉलर माईक

त्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात मी परत गेलो तो एका माईकसाठी. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मला भला माणूस समजाल. एक बाई शनिवारपासून घरी पोचली नव्हती, आणि मी सोमवारी दुपारी जेवून, हात पुसून, माझा माईक शोधायला निघालो होतो.

माझं काम आवाजाचं. शूटिंगच्या ठिकाणी कानाला हेडफोन लावून, तोंड पाडून जो कोपऱ्यात बसलेला असतो, तो मी. मला गर्दी आवडत नाही, गप्पा आवडत नाहीत, चहा फुर्र करून पिणारे तर मुळीच नाहीत. बायको म्हणते, तुम्हाला माणसं नकोत, फक्त त्यांचे आवाज हवेत. खोटं नाही ते.

फिल्म छोटीच होती. चोरून सीमा ओलांडून आलेल्या, जवळ कसलेही कागद नसलेल्या लोकांवरची. दिग्दर्शकाला आम्ही सगळे कप्तान म्हणायचो. त्याच्या डोक्यात एकच खूळ, सगळी फिल्म एका सलग शॉटमध्ये घ्यायची. कॅमेरा एकदा सुरू झाला की मध्ये थांबायचं नाही. कुणी अडखळलं, पडलं, रडलं, तरी चालूच. "मी कट म्हणेपर्यंत मेलात तरी तोंडातून शब्द काढायचा नाही," असं तो रोज बजावायचा आणि आम्ही हसायचो.

मुख्य नट सोडले तर बाकीची माणसं त्याने खरीच आणली होती. खरीच बिनकागदाची. त्यात एक लॉन्ड्रीत इस्त्री करणारी बाई होती. पस्तिशीची असेल. तिला सगळे इस्त्रीवाली म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. तिच्या मनगटावर चटक्यांच्या खुणा होत्या. तिला फक्त एका टेबलापाशी उभं राहून कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या.

आता कप्तानची युक्ती ऐका. शॉटच्या मध्यावर पोलिसांची धाड पडायची होती. पोलीस नकली, भाड्याच्या गणवेशातले. पण हे त्या लोकांना सांगायचंच नाही, असं त्याने ठरवलं. खरी भीती हवी होती त्याला. हे माहीत होतं चार-पाच जणांना, आणि मला. मला सांगणं भागच होतं, कारण दारावर काठ्या बसणार होत्या आणि आधी आवाज कमी करून ठेवला नसता तर माझे कान गेले असते. माझ्या कानांची काळजी घेतली गेली होती बघा.

इस्त्रीवालीच्या गळ्याशी कॉलर माईक मीच लावला. आवाज माझ्याकडे पाठवणारी बॅटरीची डबी कमरेला अडकवली, वायर ब्लाऊजच्या आतून तिची तिनेच घेतली. ती हळूच म्हणाली, "काका, मध्ये काही होणार आहे का? सगळे कुजबुजतात."

"काही नाही हो. तुम्ही आपल्या घड्या घाला."

इतक्या सहज बोललो मी.

शनिवारी शॉट सुरू झाला. सुरेख चालला होता. मग दार वाजलं, शिट्ट्या, "हलू नका" अशा आरोळ्या, आणि माणसं उधळली. जीव मुठीत धरून पळणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी कानाने ऐकलं. एक म्हातारा देवाचं नाव घेत होता. कॅमेरा त्यांच्यामागे धावत होता. तिच्या माईकमधून धापा, चपलांचा फटफट आवाज, मग एक जड 'धप्प' आणि एकदम काही नाही. माझ्या रिसिव्हरवरची सुई खाली पडली.

तो दाराचा आवाज होता. कारखान्यात शीतगृहाची एक खोली होती. कोठडीएवढी, आतून पत्र्याने मढवलेली, दार वीतभर जाड, लागलं की हवाही आत जायची नाही. आतला दांडा मोडलाय, दार चुकूनही लावू नका, असं वॉचमनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण सांगितलं होतं आम्हाला. त्या लोकांना कोण सांगत बसणार.

मला कळलं होतं. अगदी स्पष्ट नाही, पण काळजात धस्स झालं एवढं खरं. शॉट मात्र चालू होता. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडलं असतं. म्हटलं, संपला की सांगू. मग कप्तान कट म्हणाला, टाळ्या झाल्या, त्याने मला मिठी मारली. पळालेली माणसं एकेक करून परत आली, काही हसत, काही शिव्या देत. इस्त्रीवाली आली नाही.

"पळाली असेल," कप्तान म्हणाला. "यांचं असंच असतं. आता महिनाभर दिसायची नाही."

मीही मान डोलावली. सामान आवरताना हेडफोन गळ्यात होते, त्यातून बारीक आवाज आला. श्वासाचा. म्हटलं, चला, आहे ना, कुठेतरी रस्त्याने धावत असेल. आणि मी तिचा आवाज खाली करून टाकला. बटण फिरवायला कितीसा वेळ लागतो.

तर सोमवार. फाटकाशी एक पोरगी उभी होती, विशी-बाविशीची. इस्त्रीवालीची धाकटी बहीण. मी तिला शनिवारी डबा द्यायला आलेलं पाहिलं होतं.

"काका, ताई घरी आली नाही."

"पोलिसांत सांगितलंस का?"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मलाच माझी लाज वाटली. तिच्याकडे तरी कुठले कागद होते.

वॉचमन जेवायला गेला होता, किल्ली मात्र नेहमीच्या खिळ्याला होती. आत ऊन होतं चांगलं, छपरातून पट्ट्यापट्ट्यांनी आलेलं. तरी ओल्या लाकडाचा आणि जुन्या मिठाच्या पाण्याचा तो वास नाकात बसला. मी हेडफोन लावले आणि पिशवीतला रिसिव्हर सुरू केला. माईक जवळपास असेल तर सुई हलते. हलायला नको होती. असल्या डबीची बॅटरी एक दिवसही पुरत नाही.

सुई हलली.

आधी खरखर. मग कुणीतरी श्वास घेतला. आणि अगदी कानाशी, दबक्या आवाजात...

"ते गेले का?"

मी जागच्या जागी खिळलो. धाकटीने विचारलं, "काय झालं?" मला आनंद झाला होता हो. खरं सांगतो, असा आनंद मला मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता. "आहे," म्हटलं, "तुझी ताई आहे. बोलतेय." तिने माझा हात घट्ट धरला. त्या क्षणी मला तेवढंच हवं होतं, बाई जिवंत असावी. बाकी काय ते नंतर बघता आलं असतं.

आम्ही सुईच्या मागे निघालो. टेबलं ओलांडली. घड्या घातलेले कपडे तसेच पडले होते. पाय पुढे पडत होता तसा आवाज स्वच्छ होत गेला. "ते गेले का... कुणी आहे का... ते गेले का..." घाई नाही, रडणं नाही. मूल लपाछपीत विचारतं ना, तसं. आणि शीतगृहाच्या दारापाशी सुई पार टोकाला गेली.

तिथे मी थांबलो. इतकी वर्षं हेच काम केलंय मी. पत्र्याच्या बंद खोलीतून डबीचा सिग्नल बाहेर येत नाही. शनिवारी आवाज तुटला तो त्यामुळेच. मग सामान आवरताना मी ऐकलं ते काय होतं? आणि आत्ता हे काय ऐकतोय?

"उघडा ना, काका."

दार मी ओढलं. दोघांनी मिळून ओढावं लागलं. आतली हवा शिळी होती, घशात अडकणारी. ती लाकडी खोक्यांच्या मागे बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. अशी बसली होती की दारातून कुणी डोकावलं तरी दिसू नये. हात लावून बघायची गरज नव्हती. धाकटीने तरी हात लावला. तिच्या तोंडातून आवाज फुटला नाही. रडतानाही आवाज करायचा नाही, ही या लोकांची सवय असावी.

मी कमरेची डबी पाहिली. झाकण उघडं होतं. आत बॅटरी नव्हती. तिच्या उजव्या मुठीत होती, घट्ट धरलेली. पोलिसांना या डबीवरून आपला माग लागेल, असं वाटलं असणार तिला. आत शिरल्या शिरल्याच काढली असणार.

आणि माझ्या कानात ती विचारत होती, "ते गेले का?"

हेडफोन फेकून पळावं असं वाटत होतं. पण शनिवारी मी बटण फिरवलं होतं, पुन्हा ते करवेना. म्हणालो, "गेले हो बाई. सगळे गेले. ते खरे नव्हतेच. मला माहीत होतं..."

पलीकडे श्वास थांबला. थांबवलेला श्वास आणि रिकामी खोली यातला फरक मला कळतो. ती तिथेच होती आणि गप्प बसली होती.

धाकटीने डोळे पुसले आणि हात पुढे केला. मी हेडफोन तिच्या कानाला लावले, पिशवी तिच्या खांद्याला दिली. तिने बराच वेळ ऐकलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "गेले गं ताई. मी आहे. चल घरी." पुन्हा ऐकलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. असता तर बरं झालं असतं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते... सगळे नाही गेले. एक जण अजून इथेच उभा आहे." तिने हेडफोन कानाशी दाबले. "तो गेला की येते म्हणते."

मी गेलो.

पोलिसांना बोलावतो, असं धाकटीला सांगूनच निघालो होतो. फाटकाबाहेरून फोन केला, माझं नाव सांगितलं, कप्तानचं सांगितलं, युक्ती सांगितली. पुढे जे व्हायचं ते झालं. फिल्म जप्त झाली, कप्तान मला फितूर म्हणतो, म्हणू दे. पोलिसांना बाई खोक्यांच्या मागेच सापडली, मुठीतल्या बॅटरीसकट. डॉक्टर म्हणाले, हवा संपली, शनिवारी दिवेलागणीच्या आधीच. मी सामान आवरत होतो तीच वेळ. तेव्हा दार उघडलं असतं तर... असो. असो म्हणून ते संपत नाही.

पण पोलीस यायच्या आधी जे पाहिलं ते मी जबाबात सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो.

मी रस्त्यापलीकडे उन्हात उभा होतो. धाकटी फाटकातून बाहेर आली. पोलीस येणार म्हटल्यावर तिला थांबून चालणारच नव्हतं. एकटीच होती, कानाला हेडफोनही नव्हते. पण चालत होती अगदी हळू, एक हात अंगापासून थोडा लांब धरून. आजारी माणसाला आधार देऊन नेतात, तशी. समोरून एक सायकलवाला आला, तर तिने हात बदलला आणि पलीकडून चालायला लागली, कुणाला तरी आतल्या बाजूला घेतल्यासारखी.

मग ती मध्येच थांबली. ओढल्यासारखी थांबली. मान वळवून शेजारी काहीतरी ऐकलं, आणि दोन्ही बाजूंनी रस्ता न्याहाळला. तिची नजर माझ्यावर आली.

मी भिंतीच्या आड झालो. पाठ भिंतीला लावून, श्वास रोखून तसाच उभा राहिलो. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मग पावलं वाजायला लागली. कान आहेत माझे, चूक होत नाही. चपलांचे दोन जोड होते.