उपग्रहाचं बारसं

केप कोस्टच्या बाजारात, जाळी विकणाऱ्या बाईच्या टपरीवर, नायलॉनच्या दोरीचं एकच रीळ उरलं होतं. मी ते उचललं... आणि दोरीचं दुसरं टोक एका उंच तरुणाच्या बोटांत निघालं.

"मासे धरायला?" त्याने विचारलं.

"अवकाशात पाठवायला," मी ताठ मानेनं म्हणाले.

तो हसला. वाळवंटाकडून आलेली धूळ त्याच्या पापण्यांवर बसली होती. "मग अर्धी मला द्या, बाईसाहेब. छतावरची अँटेना बांधायचीय. विद्यापीठात उपग्रहाचे संदेश ऐकायच्या कामावर नुकताच लागलोय. मी सेलॉर्म."

म्हणजे माझ्याच उपग्रहाचं! मी दोरी मधोमध कापून अर्धी त्याला दिली.

पावाएवढा आमचा उपग्रह. त्यात माझ्या शिडाची परीक्षा होती. ते उलगडलं की वरच्या विरळ हवेत उपग्रह हळूहळू खाली ओढला जाणार आणि जळून जाणार, आभाळात कचरा उरणार नाही. एल्मिनाच्या किनाऱ्यावर माझे कोळी बाबा होडीच्या शिडाची घालतात तशीच घडी मी घातली, कोळ्यांच्याच दोरीनं बांधली. तार तापली की दोरी वितळून शीड सुटायचं. "कोळ्याच्या पोरीचा खेळ," असं काही बड्या लोकांनी म्हटलं होतं. शीड अडकलं असतं तर त्यांचंच खरं झालं असतं.

उपग्रह वर गेला, मंगळवारी पहिल्यांदा बोलला. पण आमच्यात नवं जन्मलेलं मूल आठ दिवस पाहुणंच असतं. राहतंय की परत जातंय, कुणी सांगावं? म्हणून आमच्या प्रमुख मादाम बॉटवेंनी बजावलं — आठव्या दिवशी शीड उघडायचं, मगच नाव.

मक्याच्या पिठाची आमच्याकडे केंकी करतात, सेलॉर्मच्या लोकांत आक्प्ले. मी येरझाऱ्या घालू लागले की तो चिडवायचा, "तुम्हा केंकी खाणाऱ्यांना धीर म्हणून नाही!"

"आणि तुम्हा आक्प्ले खाणाऱ्यांना तोंड म्हणून नाही! मनातलं बोलत का नाहीस?"

"पाहुण्याचं बारसं होऊ दे..." म्हणायचा, आणि नजर पडद्याकडे वळवायचा.

आठव्या सकाळी शीड उघडायची आज्ञा वर गेली. उपग्रहाच्या कॅमेऱ्यातलं चित्र पडद्यावर ओळी-ओळीनं उतरू लागलं. काळं... काळं... मग निळा समुद्र, आणि त्यावर माझ्या शिडाचा चंदेरी कोपरा — ताठ, एक सुरकुती नाही!

मी रडत रडतच फोन लावला. "बाबा, उघडलं!"

"उघडणारच. घडी शिकवली कुणी?"

मादामनी चाचणीसाठी जमिनीवरच ठेवलेल्या जुळ्या उपग्रहाला आधी पाण्याचं बोट लावलं, मग दारूचं. "पाणी म्हणशील तेव्हा पाणीच असू दे. दारू म्हणशील तेव्हा दारूच." बाळानं कायम खरंच बोलावं, म्हणून ही रीत. मंगळवारी जन्मलेल्या मुलाला आमच्यात कोबिना म्हणतात, म्हणून नाव कोबिना. टाळ्या थांबेचनात. माझा ऊर अभिमानानं भरून आला.

तेवढ्यात सेलॉर्मनं त्याच पाण्यात बोट बुडवून स्वतःच्या जिभेला लावलं.

"एकुवा, अँटेनाला दोरी लागतच नव्हती. ती पक्की बोल्टांनी बसवलीय." त्याने खिशातून माझी अर्धी दोरी काढली, होती तशीच. "टोक धरलं नसतं तर तू निघून गेली असतीस. तू... तू मला फार आवडतेस. हे पाणी पाणीच आहे."

"माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात छतावर जाऊन बघून आले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, पाहुण्याचं बारसं होऊ दे..."

तो खो-खो हसला. मी त्याच्या हातातल्या दोरीचं टोक धरलं. "मला मागणी घालायला बाबांचं दार ठोठावशील, तेव्हा रिकाम्या हातानं येऊ नकोस हं."

"काय आणू?"

"रीतीप्रमाणे दारू. आणि ती दारूच असू दे!"