दोन कोरड्या फळ्या

एस्बेनचा पाय ओट्याच्या फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला, तेव्हा सिसेलने आधी फळीकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"मोडलीत ना! आणि कुणाला विचारून आत आलात?"

"फाटक उघडं होतं..." खाली अडकलेला तो माणूस चक्क हसत होता. "मी पुढचा."

"कसला पुढचा?"

"या बागेसाठी. यादीत, तुमच्यानंतर."

कोपनहेगनच्या कडेला, रुळांपलीकडे या बागा. हातरुमालाएवढी जमीन, खोक्याएवढं लाकडी घर, पुढे लाकडी ओटा. खुराड्यात राहणाऱ्या गरिबांना श्वास घेता यावा म्हणून कधीकाळी दिलेल्या. आता बागांच्या मंडळाला सगळं चित्रातल्यासारखं हवं. ज्यांच्या दारात फरशी चकचकीत, त्यांनाच दुसऱ्याच्या रंगाच्या पोपड्यांचा फार त्रास! सिसेल बस चालवायची. ही बाग तिच्या बाबाची. तो गेला आणि तिच्याकडे फक्त हीच राहिली. मंडळाच्या बिर्गिटबाईंनी बजावलं होतं: सांक्त हान्सची, म्हणजे जूनअखेरची होळी पेटायच्या आत ओटा नीट दिसला पाहिजे, नाहीतर बाग पुढच्याला.

आणि हा पुढचा तिच्याच फळीत पाय घालून उभा होता.

पाय सोडवून घेताना त्याची नजर तिच्या हातातल्या डब्यावर गेली. "रंग? पोपड्यांवरच? नका लावू. दोन पावसांत परत सुटेल. माझ्या बहिणीचा ओटा असाच रंगवला होता मी. ती अजून मला जेवायला बोलवत नाही."

"मग काय करू?"

"लाकूड दिसेपर्यंत खरवडायचं. वरून नुसतं जवसाचं तेल."

"वा! मी खरवडत बसते, तोवर होळी येते, आणि बाग तुमच्या घशात. मी काय दूधखुळी आहे?"

त्याचे कान लालबुंद झाले. "हे... सुचलंच नव्हतं मला. बरं, मग मीही खरवडतो. उद्यापासून."

"जमतं?"

"दातांच्या दवाखान्यात आहे. दिवसभर लोकांचं कीटण काढतो—दुसरं येतंय काय मला!"

सिसेलला हसू फुटलं. तिने पटकन तोंडावर हात घेतला.

"झाकू नका. छान आहेत."

"बघूनही झाले?"

"धंदाच आहे..." तो म्हणाला, आणि पुन्हा कानांपर्यंत लाल झाला.

तो आला. रोज, काम सुटल्यावर, सायकलवर. खरवडणीखाली बाबाचे उन्हाळे निघू लागले. वरचा रंग राखाडी, खाली हिरवा, त्याखाली भडक लाल.

"हा लाल कधीचा?" त्याने विचारलं.

"आई सोडून गेली तेव्हाचा. बाबा एक शब्द बोलला नाही. ब्रश घेतला आणि फासला."

एस्बेनने खरवडणी हलकी धरली. त्याने तो लाल फार हळू खरवडला... खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. डिंकाचा वास सुटला. सिसेल खाली बसली आणि तळहात फिरवत राहिली.

मग पाऊस लागला. अर्धा ओटा उघडा, अर्धा पोपडलेला, खरूज झालेल्या कुत्र्यासारखा. आणि एस्बेनचा पत्ता नाही. पहिल्या दिवशी तिने वाट बघितली. दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या. माणूस गोड बोलला की काम झालं म्हणून समजावं! तिसऱ्या दिवशी तिने रंगाचा डबा उघडायला घेतला, तेवढ्यात फाटक वाजलं. चिंब भिजलेला एस्बेन, सायकलवर निळी ताडपत्री.

"कुठे मेला होतास?"

"बहिणीकडे. म्हणाली, आधी माझा ओटा खरवड, मग ताडपत्री ने." त्याने तळवे दाखवले. फोडच फोड.

सिसेलने ते हात धरले. सोडायचे राहूनच गेले.

"वेडा आहेस का रे? बाग जाईल तुझी."

"जाऊ दे ना," तो पुटपुटला. "इथे... यायला तर मिळतंय."

होळीच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. नव्या फळीसकट ओटा कोरडा ठणठणीत झाला. तेल लावायला ती पायऱ्यांकडून सुटली, तो दाराकडून.

"दातवाल्या, हरलास तर स्ट्रॉबेरी तू आणायच्या!"

"बसवाले, मागे बघ, स्टॉप सुटला तुझा!"

दोघं मध्यावर पोचली, आणि हात थांबले. पुढे ओलं तेल, मागे ओलं तेल. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण. पायांखाली दोन कोरड्या फळ्या.

"आता?" तो म्हणाला.

"आता उभं राहायचं... सुकेपर्यंत."

"जवळजवळ उभं राहावं लागेल."

"तक्रार आहे?"

तेवढ्यात कुंपणावरून बिर्गिटबाईंचं डोकं वर आलं. त्यांनी ओटा न्याहाळला, चष्मा पुसला, परत न्याहाळला. नाक मुरडायला जागाच सापडेना.

"ठीक आहे," त्या नाराजीने म्हणाल्या. "बाग तुझीच. आणि एस्बेन, तुला बसावं लागेल वाट बघत."

"बसतो," तो म्हणाला. चेहरा मात्र उतरला. बाग राहिली म्हणजे काम संपलं. आणि काम संपलं म्हणजे उद्या यायला निमित्त नाही.

सिसेलला ते दिसलं. बाबासारखं गप्प बसणं तिला जमणार नव्हतं.

"त्याचं नाव काढून टाका, बाई. त्याला मिळाली बाग."

"कुठली?"

"हीच. माझ्यासकट. त्याला हवी असेल तर!"

एस्बेनने एक पाऊल पुढे टाकलं आणि तो थेट ओल्या तेलात घसरला. तिने त्याला धरलं, मग तीही घसरली, आणि दोघं एकमेकांना बिलगून सगळ्या मेहनतीवर फतकल मारून बसली.

"हवी..." तो तिच्या केसांत म्हणाला.

"अरे, सगळं परत करावं लागेल!" बिर्गिटबाई ओरडल्या.

"करू!" दोघं एका सुरात म्हणाली.