नकाशेवाल्यांचं मागचं दार

चौकशीकाकू वरच्या मजल्यावर गेल्या त्या फक्त रिकामा डबा परत करायला. पण दार उघडं दिसल्यावर आत डोकावल्या नाहीत, तर त्या चौकशीकाकू कसल्या!

आतल्या खोलीत नकाशेवाल्या भाऊजींचा कॉम्प्युटर घुमत होता. भाऊजींना जाऊन तीन आठवडे झाले, तरी तो कोणी बंद केला नव्हता. पडद्याला कुलूप, आणि पासवर्ड भाऊजींबरोबरच गेलेला. लेकीला लहानपणी सांगितलेल्या गोष्टी, त्यांच्या आवाजातल्या, सगळ्या त्यातच होत्या.

भाऊजींची भाची कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायची. तीही हात टेकून बसली होती. भाऊजींच्या बायकोला, वहिनींना, ती म्हणाली, "मामी, एकदा बंद पडला की संपलं. सुरू होतानाही पासवर्ड मागेल."

आणि पाच वाजता मीटर बदलायला इमारतीची वीज जाणार होती. साडेचार होऊन गेले होते.

"मघाशी ही यायच्या आधी मी भांडी घासत होते ना," वहिनी हळूच म्हणाल्या, "तेव्हा आतून टकटक... हे टाइप करायचे ना, तशी..."

"उंदीर असेल हो," काकू म्हणाल्या खऱ्या, पण अंगावर काटा आला. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्या फडक्याने कीबोर्ड पुसू लागल्या. तीन-चार बटणं एकदम दाबली गेली.

पडदा काळा झाला. खोलीत बामचा वास दाटला... भाऊजी कपाळाला चोळायचे, तोच. काळोखात पांढरी अक्षरं उमटली. भाऊजींचं नाव, आणि पुढे लुकलुकणारी रेघ.

"मेले मी! काय मोडलं गं?"

"मोडलं नाही, काकू... उघडलंत!" भाची खुर्चीत आदळलीच. "हा कॉम्प्युटरचा दुसरा, नुसत्या अक्षरांचा पडदा. मामा इथे लॉगिन करून विसरले! पुढच्या दाराला कुलूप, मागचं सताड उघडं!"

पाचला सात मिनिटं असताना शेवटची गोष्ट पेनड्राइव्हवर उतरली. भाऊजींचा आवाज ऐकून वहिनी रडता रडता हसल्या. काकूंचा जीव भांड्यात पडला. मग वीज गेली, कॉम्प्युटर गप्प झाला.

जिन्यात भाचीने त्यांचा हात धरला. "मामीला सांगू नका. लॉगिनची वेळ पाहिली मी... आजची. साडेतीन."

"तूच केलं असशील."

"मी चारला आले, काकू. आणि पासवर्ड मागच्या दारालाही लागतो."

चौकशीकाकूंनी ही बातमी कुणालाच सांगितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. उंदीर झाला म्हणून पासवर्ड कुठून आणणार?