अंगठ्याला बांधलेली दोरी

आधीच सांगतो, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील. मी नववीतून शाळा सोडली. मोठे शब्द मला येत नाहीत, आणि चार माणसांत बोलायला उभा राहिलो की घसा कोरडा पडतो. म्हणून हे लिहून काढतो आहे. कागदासमोर लाज वाटत नाही. वाचताना घरात एकटे असाल तर दिवा जवळ ओढून घ्या. एवढंच.

माझं नाव अंकुश. चिमूरजवळ, जंगलाच्या काठच्या एका गावात आम्ही भाड्याने राहत होतो. मी, माझी बायको नीलिमा आणि आमची मुलगी दिव्यानी. ती तेव्हा नुकतीच बसायला लागली होती. मी राइस मिलमध्ये बॉयलरवर हेल्पर. उसना म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर धान आधी वाफेवर शिजवावं लागतं. त्या वाफेसाठी बॉयलर. माझी पाळी रात्रीची. भट्टीत धानाचा भुसा टाकायचा आणि एका काचेच्या नळीकडे बघत राहायचं. त्या नळीत आतल्या पाण्याची पातळी दिसते. पाणी खाली गेलं आणि तेव्हाच माणसाला डुलकी लागली, तर काय झालं हे सांगायला कोणी उरत नाही. म्हणून रात्रभर डोळे ताणून बसायचं.

बॉयलरचे मुख्य माणूस सुकलूभाऊ. सर्टिफिकेट त्यांच्याजवळ. ते काम सोडणार होते, आणि मालक म्हणाले होते की अंकुशने अटेंडंटची परीक्षा पास केली तर ती जागा त्याची, पाळीसुद्धा दिवसाची. दिवसाची पाळी म्हणजे रात्रीची झोप. मला पगारापेक्षा त्या झोपेचीच ओढ होती. पण परीक्षा तोंडी, नागपूरला, साहेबांसमोर. मी पुस्तक पाठ करायचं ठरवलं. पाठ असलं की तोंड आपोआप चालतं, असं मला वाटायचं.

सकाळी मी घरी पोचायचो तेव्हा नीलिमाचा डबा भरलेला असायचा. ती चिमूरच्या एका मेडिकलवर कामाला. संध्याकाळी परत यायची. मधला सगळा दिवस दिव्यानी माझ्याकडे. ती झोपली की आपण अभ्यास करायचा की आपणही झोपायचं, हे माझं माझ्याशी रोजचं भांडण होतं. सुकलूभाऊ हसायचे.

"बायको दुकानात, पोरगी झोळीत, पुस्तक मांडीवर. अन् तू झोपतं कवा बे? पुढच्या जन्मात?"

झोळी नीलिमाच्या जुन्या सुती साडीची होती, आढ्याला बांधलेली. झोळीला एक दोरी आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. आमच्याकडे बरेच जण असं करतात. हात मोकळे राहतात. भिंतीला टेकून बसायचं, पाय हलवायचा आणि प्रश्नोत्तरं मोठ्याने वाचायची. दुसरे बाप गाणी म्हणत असतील. माझी मुलगी सेफ्टी व्हॉल्व्हचं काम काय, हे ऐकत झोपायची.

त्या दिवशी मे महिन्यातलं ऊन होतं. तेंदूपत्त्याचा, बिडीच्या पानांचा हंगाम. अर्धं गाव पहाटे जंगलात जाऊन आलं होतं आणि दुपारी दारं लावून पुडे बांधत बसलं होतं. त्या पानांचा कडवट, ओलसर वास भिंतीतून यायचा. शेजारच्या भागीरथाबाईंचं आणि आमचं घर एकाच भिंतीचं. वर कवेलू म्हणजे कौलं, मधली भिंत आढ्यापर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे बोलणं इकडचं तिकडे ऐकू यायचं. त्यांचे पुडे बांधण्याचे आवाज चालू होते. मग लाइट गेली. कूलर थांबला. कूलर थांबला की घर किती गप्प होतं ते मे महिन्यातच कळतं. खिडकीवर भिजवून टाकलेलं पोतं वाळून कडक झालं होतं. त्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडली होती. मी तिच्याकडे बघत वाचत होतो. वाचता वाचता पट्टी पुसट झाली.

जाग आली तेव्हा माझा पाय हलत होता. त्याचं काही नवल नव्हतं. झोपेतही पाय हलतो, त्याला सवय झाली होती. झोळी येत होती, जात होती. आढं कुरकुरत होतं. साडी खाली ताणलेली, नेहमीसारखी. मी पुस्तक उचललं आणि पुढचा प्रश्न वाचला.

तेवढ्यात दिव्यानी हसली.

आधी मला काही वाटलं नाही. आपल्या मुलीचं हसणं, त्यात काय वाटायचं? मी उत्तराची ओळ वाचली. ती परत हसली, आणि मला कळलं की हसू भिंतीपलीकडून येत आहे.

"बाई..." मी हळूच म्हटलं. "दिव्यानी तुमच्याकडे हाय का?"

"हाव. कवाची," भिंतीपलीकडून भागीरथाबाई म्हणाल्या. "लेकरू उठलं होतं अन् तू घोरून राह्यला होता. म्हटलं तुले झोपू द्यावं."

माझा पाय थांबला. झोळी हळू हळू मंद झाली आणि मग थांबली. पण साडीचा फुगवटा तसाच होता. कापड इतकं ताणलं होतं की विणीतून उजेड दिसत होता. मी श्वास धरून बघत राहिलो. मग दोरी ओढली गेली. जोरात नाही. लेकरू आईचा पदर ओढतं ना, तशी. थोडं थांबून परत.

पलीकडे दिव्यानी किंचाळली. भूक लागल्याचं रडणं नव्हतं ते. दारात बोट सापडल्यावर मूल रडतं, तसं. मी घाबरून पाय हलवला, आणि तिचं रडणं जागच्या जागी तुटलं.

भागीरथाबाई तिला खांद्यावर घेऊन धावत आल्या. तिची मान लोंबत होती. आत्ता खेळत होती, म्हणाल्या, आत्ता किंचाळली अन् आत्ता अशी. त्यांचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. मग झोळीकडे. त्या उंबऱ्यातच बसल्या.

"माझ्या ध्यानातच नाई आलं," त्या म्हणाल्या. "लेकरू उचललं, अन् दोरी तुझ्या पायालेच राह्यली. तू तवापासून हालवून राह्यला का, बाबू?"

मी मान हलवली. पाय थांबवायची हिंमत नव्हती.

रिकामी झोळी हलवू नये हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. लेकराचं पोट दुखतं, असं सांगतात. मी तसंच म्हटलं.

"पोटाचं आपण सांगायले सांगतो," बाई अगदी हळू बोलल्या. "जागा रिकामी दिसली की कोणी तरी निजायले येते. ज्याले कधी झोप भेटली नाई... ते."

मी उठून साडी बाजूला करायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला. पाहू नको, म्हणाल्या. तू पाह्यलं की तेही पाह्यते.

आम्ही आणखी एकदा पाय थांबवून बघितला. दोरी ओढली गेली आणि दिव्यानी निळी पडेपर्यंत रडली. पाय हलवला, ती पुन्हा कापडाच्या बाहुलीसारखी पडली. पाणी ओठांना लावलं तर बाहेर ओघळलं. मग मी थांबवलाच नाही. मला कळून चुकलं की त्या दोरीच्या एका टोकाला मी आहे, दुसऱ्या टोकाला ते आहे, आणि मधे माझी मुलगी.

"आता त्याले निजव," भागीरथाबाई म्हणाल्या. "ते निजलं की लेकरू उठंल. पण अंकुश, तू त्याच्या आधी झोपू नको."

"झोपलो तर?"

त्यांनी पदराने दिव्यानीचं तोंड पुसलं. 

मी मिलमधून रात्रभर जागून आलो होतो. दुपारी जी काय डुलकी लागली तेवढीच झोप. ज्याला कधी झोप मिळाली नाही त्याला झोपवायचं आणि आपण जागं राहायचं. मी पाय हलवत राहिलो. उन्हाची पट्टी जमिनीवरून भिंतीवर चढली, लाल झाली, गेली. लाइट आली नाही.

नीलिमा आली तेव्हा मला नीट सांगताही येईना. भागीरथाबाईंनी सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग दिव्यानीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तपासलं, उन्हाने ग्लानी आली म्हणाले, जाग आली की साखर-मिठाचं पाणी पाजा म्हणाले. ती परत आली. मी तसाच बसलेला. ती म्हणाली, तुम्ही दमून गेले, दुसरं काई नाई. सोडा ती दोरी.

आणि तिने झोळीच्या खाली हात घातला. मूल किती वाढलं हे बघायला आया असाच हात घालून उचलतात. तिने जरा उचललं. मग हात हळूच काढून घेतला आणि पदराला पुसत राहिली.

"हे दिव्यानीपेक्षा जड हाय," ती म्हणाली. "लय जड."

त्यानंतर तिने मला दोरी सोडायला सांगितलं नाही.

मिलमधून फोन येत राहिला. मी पाळीवर गेलो नव्हतो, आणि बॉयलर माणसाशिवाय सोडता येत नाही. नीलिमाने फोन कापडात गुंडाळून डब्यात ठेवला. नोकरी जाणार हे दोघांनाही कळलं होतं. तिने चिमणी लावली, माझं पुस्तक घेतलं आणि प्रश्न विचारायला लागली. भागीरथाबाई दिव्यानीला मांडीवर घेऊन तिच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"नळीत पाणी दिसत नसेल तर काय कराल?"

"भट्टी बंद करीन. थंड पाणी आत सोडणार नाही."

"काऊन?"

"तापलेल्या लोखंडावर पाणी पडलं तर... फुटते."

मी कधी इतकं सरळ बोललो नव्हतो. पुढे ती परीक्षा मी पास झालो. एका साहेबांनी विचारलं, शब्द न् शब्द पाठ कसा केला? मी म्हटलं, रात्री वेळ असतो.

पण त्या रात्री माझ्या पापण्या खाली यायच्या आणि त्या उचलायला मला सगळं अंग लागायचं. चिमणीच्या वातीचे दोन, मग तीन उजेड दिसायचे. नीलिमाचा आवाज लांब जायचा, विहिरीतून आल्यासारखा. आणि माझी मान खाली आली की झोळीचा झोका मोठा व्हायचा. माझा पाय तेवढा हलत नसायचा. झोका आपला आपण वाढायचा, वाट बघितल्यासारखा. नीलिमा माझ्या दंडाला चिमटा घ्यायची, डोळ्यांवर पाणी मारायची. झोका परत लहान व्हायचा. एकदा मी इतका दमलो की मनात आलं, जाऊ दे. झोपू दे मला. काय व्हायचं ते होवो. हे मी नीलिमाला अजून सांगितलेलं नाही. तेव्हा दिव्यानीच्या हाताची मूठ वळलेली दिसली. मी परत उत्तर द्यायला लागलो.

पहाटेच्या आधी दोरीचं ओढणं कमी झालं. मी थांबायचो, बघायचो. बराच वेळ काही नाही. मग एकदा हलकंच... आणि मग नाही. झोळीतून श्वास ऐकू यायला लागला. लांब, जड. लेकराचा नव्हता तो. मोठ्या, थकलेल्या माणसाचा. मग घोरणं सुरू झालं.

भागीरथाबाईंच्या मांडीवर दिव्यानी कुरकुरली आणि भूक लागल्याचं साधं रडायला लागली. बाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवून तिला बाहेर नेलं. मी नीलिमाकडे बघितलं. मला वाटलं ती रडेल, हसेल. ती झोळीकडे कान देऊन बसली होती.

"हे घोरणं..." ती म्हणाली. "हे तुमचं हाय. मले ओळखू येते ना."

 आपलं घोरणं आपल्याला कुठे माहीत असतं?

दोरी सैल पडली तर ते उठेल म्हणून भागीरथाबाईंनी पाट्यावरचा वरवंटा आणला. मी अंगठ्यातून गाठ काढली, नीलिमाने ती वरवंट्याला बांधली. कोणी श्वासही घेत नव्हतं. भांडी, कपडे, पुस्तक, सगळं तसंच ठेवून आम्ही अनवाणी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

सकाळी नीलिमा भागीरथाबाईंच्या ओट्यावर दिव्यानीला पाजत बसली होती. मी हापशीवर पाणी आणायला गेलो होतो. परत आलो तर घरांच्या कोपऱ्यावरून सुकलूभाऊंचा आवाज आला. ते मला रागवायला आले असणार. पण आवाजात राग नव्हता.

"झोपू दे त्याले, सूनबाई. उठवू नको," ते नीलिमाला सांगत होते. "मी खिडकीतून पाह्यलं. भिंतीले टेकून, पुस्तक मांडीवर, दोरी पायाले, अन् कसा निजला हाय. बरं झालं. मालकाले मी सांगतो काई तरी."

मी बादली घेऊन कोपरा वळलो. सुकलूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग आमच्या खिडकीकडे. मग परत माझ्याकडे.  नीलिमाने दिव्यानीला पदराखाली आणखी जवळ ओढलं.

मी बादली ओट्यावर ठेवली. भागीरथाबाईंकडून कुलूप मागून घेतलं आणि आवाज होऊ न देता आमच्या दाराला लावलं. मग सुकलूभाऊंच्या गाडीवर मागे बसून मिलवर गेलो आणि नळीतलं पाणी बघत दिवसभर भट्टीपुढे उभा राहिलो. दोन रात्रींचा जागा होतो. एक जांभईसुद्धा आली नाही. तेव्हापासून आजवर आलेली नाही.