एकाच कंठासाठी

“आईला काही झालं तर तू स्वतःला माफ करशील का, नीरजा?”

नवऱ्याने, पुष्करने विचारलं आणि नीरजाचं गाणं ओठांवरच थांबलं… पुण्यातलं गाणं लग्नापायी सुटलं होतं. नेदरलँड्समध्ये झूटरमेरला आल्यावर चर्चच्या वृंदात अगदी मागच्या रांगेतून तिने पुन्हा सुरुवात केली, तिथल्या गाण्यांचे जर्मन शब्द घोटले, वृंद चालवणाऱ्या मारायकेबाईंकडे नव्याने आवाज लावायला शिकली; आणि आता, करोनाच्या त्या पहिल्याच शरदात, बाईंनी तिच्यावर कॅन्टाटा सोपवला होता! तीनशे वर्षांपूर्वीचं ते भक्तिसंगीत. साथीला वाद्यवृंद, पण गाणारा कंठ एकच. एका व्याकुळ जिवाने देवाला घातलेली साद! रिकाम्या चर्चमधून त्याचं थेट प्रक्षेपण होणार होतं.

पण विमानं बंद झाल्यापासून सासूबाई, जयंतीबाई, इथेच अडकल्या होत्या आणि त्यांना दमा होता.

“तिथे निम्मे लोक फुंकून वाजवणारे. रिस्क कशाला?” पुष्कर म्हणाला. “आणि आईला खरं कारण सांगू नकोस, तिच्या मनाला लागेल. सिलेक्शन झालं नाही म्हण.”

नीरजाने तेही मान्य केलं. मारायकेबाईंना नकार कळवून ती बाहेर आली, सिलेक्शन झालं नाही म्हणाली, तर सासूबाई म्हणाल्या, “बरंच झालं! घरच्या देवापुढे दोन ओळी म्हणायला वेळ नाही आणि चर्चमध्ये गाणी! त्यांनाही कळलं असेल हो, किती पाण्यात आहेस ते.” नीरजाने कुकर लावायला घेतला.

दिवाळीला डीमन गावातल्या मित्राकडे, यशोधनकडे फराळाचा बेत ठरला. घरी दोघांहून जास्त पाहुणे नकोत असा तेव्हा नियम होता, पण तो बहुधा डच लोकांसाठी असावा! नीरजा नको नको म्हणत राहिली.

“अगं, सगळी आपलीच माणसं! बाहेरचं कोण आहे?” पुष्कर म्हणाला. “आईलाही जरा बरं वाटेल.”

दीड मीटर लांब बसून ओबो फुंकणारा परका तेवढा घातकी, आणि चकलीच्या ताटावर खांद्याला खांदा लावून खोकणारा यशोधन मात्र घरचा! आठवड्याभरात घरातली तिघंही अंथरुणाला खिळली. पुष्कर चटकन उठून लॅपटॉपपाशी बसला. जयंतीबाई इस्पितळातून प्राणवायूचं यंत्र घेऊन घरी परतल्या आणि अंगात ताप असताना नीरजाने त्यांचं सगळं केलं. त्या बऱ्या झाल्या. नीरजाचा दमसास मात्र परतला नाही…

फेब्रुवारीत मारायकेबाईंचा फोन आला. लॉकडाऊनमुळे कार्यक्रम पुढे गेला होता. “ती जागा अजून तुझीच आहे. ईस्टरला गाशील?”

नीरजा ओट्यापाशी उभी राहून गाऊ लागली. एकाच श्वासात न्यायची ती लांबलचक स्वरावली मध्येच तुटली. तिने पुन्हा धरली. पुन्हा तुटली…

“हे तर तू किती सहज म्हणायचीस!” दारात जयंतीबाई होत्या. “मी जिन्यात बसून ऐकायचे. सांगितलं नाही कधी… मग त्यांनी तुला नाकारलं कसं?”

लॅपटॉपवरून मान वर करून पुष्करच म्हणाला, “नाकारलं नव्हतं, आई. तुला लागण नको म्हणून तिने सोडलं. मीच सांगितलं होतं तिला.”

“माझ्यासाठी?” जयंतीबाईंचा स्वर चिरकला. “आणि दिवाळीला मला कोण घेऊन गेलं रे?”

त्या नीरजाकडे वळल्या.

“काय काय बोलले गं मी तुला! एकदा तरी उलटून बोलायचंस, पोरी…”

त्या हुंदके देऊ लागल्या. नीरजाने त्यांना कवेत घेतलं. त्या म्हातारीवरचा तिचा राग कधीच विरला होता. “होईल गं हळूहळू, पुढच्या वर्षी गाशील,” असं पुष्कर म्हणाला, तेव्हा मात्र तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

ईस्टरला चर्चमध्ये दुसरीच कुणी उभी राहिली. जयंतीबाईंनी स्वतः हट्टाने टीव्ही लावायला सांगितला, नीरजाला शेजारी बसवलं आणि ओळीओळीचा अर्थ विचारला. मग ती लांब स्वरावली आली. त्या परक्या मुलीने ती एका श्वासात, अलगद पैलतीरी नेली.

जयंतीबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. “हे तुझं होतं गं…”

“होतं, आई,” नीरजा म्हणाली.